सासूबाईंच्या खोलीतलं मशीन

१९८७ साली सासूबाईंचं डावं अंग लुळं पडलं आणि त्यांना उचलण्या-वळवण्याचं काम माझ्यावर आलं. दोन आठवड्यांत माझी कंबर धरली. घरी येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, आधी स्वतःची पाठ बळकट करा. दोन लहान डंबेल्स आणा. दहा वेळा उचलताना शेवटच्या दोन वेळेला दम लागेल, एवढंच वजन घ्या.

आणायला गेले धाकटे भावजी. त्यांना त्यातलं कळतं, असा त्यांचा समज होता. बंद पडलेल्या जिममधून ते कप्प्यांवरून तारा ओढून वजन उचलायचं अवाढव्य मशीन घेऊन आले. ते फक्त सासूबाईंच्या खोलीत मावलं, तेही खिडकी अडवून. त्यातलं सगळ्यात हलकं वजनही मला हलेना. बाकाचं रेक्झिन फाटलेलं, आतला स्पंज पिवळा, त्यात कुणाकुणाचा घाम मुरलेला. फिनाईलनं पुसलं, तर दोन्ही वास येऊ लागले.

मग भावजीच व्यायाम करू लागले, उघड्या अंगानं, आईच्या उशाशी. बाक कधी पुसला नाही. त्यावर पाठीचा ओला ठसा, दांड्याच्या मुठी चिकट. सासूबाईंना कुशीवर वळवायला हात मागितला की म्हणायचे, "आज पाठीचा दिवस झालाय, वहिनी. आता ताण द्यायचा नसतो."

एका सकाळी सासूबाई पलंगावरून अर्ध्या घसरल्या. मी स्वयंपाकघरातून धावले. भावजी तीन हातांच्या अंतरावर बसून दांडा ओढत होते. मी म्हटलं, धरा.

"चारच राहिलेत," ते म्हणाले आणि मोजत राहिले.

मी एकटीनं त्यांना वर घेतलं. सासूबाईंनी माझं मनगट पकडलं आणि वाकड्या तोंडानं म्हणाल्या, "ते लोखंड काढ इथून."

संध्याकाळी ह्यांनी मशीन खोलायला पाना घेतला. बाकाखालून केसांचे पुंजके, चिकटपट्ट्या आणि कुणाचं तरी अख्खं नख निघालं. भावजी दारातून म्हणाले, तुम्हाला व्यायामाची कदर नाही. ह्यांनी पाना पुढे केला. "धर. आज हातांचा दिवस समज."

डंबेल्स मी स्वतः दुकानात उचलून पाहून आणली.

सासूबाई पुढे चार वर्षं जगल्या, पाठीवर एकही जखम न होता. मोकळ्या खिडकीशी त्यांचे केस विंचरायची ती सकाळची वेळ मला अजून हवीशी वाटते. नर्सबाई परगावी गेल्या, बरीच वर्षं पत्र टाकायच्या. ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. भावजींनी नव्या घरी दुसरं मशीन घेतलंय. त्यावर कपडे वाळतात म्हणे. भेटले की हात पुढे करतात. मी लांबूनच नमस्कार करते.