वल्ह्यातली हाक

ही गोष्ट १९८३ सालची. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. रविवारी सकाळी तारकर्लीच्या खाडीकाठी सारा गाव लोटला होता. पाण्यात एक वल्हं उभं रोवलेलं, आणि त्याच्या मुठीला कान लावायला ही रांग! कान लावून उठणारा प्रत्येक जण हात जोडत होता. पाण्याखालून महादू बोलत होता.

महादू श्रावणात खाडीच्या तोंडाशी बुडाला. प्रेत सापडलं नाही. बरोबरचा भागीदार बाबू पोहून वाचला. होडी लाटांनीच काठाला आणून टाकली. घरात उरल्या बायको जानकी आणि पाच वर्षांची नर्मदा.

आमच्याकडे ढोमी मासळी आली की गाबीत मच्छीमार वल्हं पाण्यात बुडवून मुठीला कान लावतात. ढोमी पाण्याखाली कुरकुरते, ती त्यातून ऐकू येते. "वल्ह्यातसून आयकलंय" म्हटलं की वाद मिटला. महादूची त्यात एक खोड होती. परतताना तो पाण्यात हात घालून दोन दगड आपटायचा. तीन ठोके, जरा थांबून एक. काठावर जानकी पाण्यात वल्हं धरून ते ऐकायची आणि भात चढवायला घरी पळायची.

आता तेच ठोके पुन्हा येत होते. ते आणले होते जलनाथबाबाने. तो वीस दिवसांपूर्वी खारेपाटणकडून आला होता. त्याचा हुकूम असा, की होडी जलदेवतेला द्यायची, म्हणजे नवरा परत मिळेल. दुपारच्या भरतीला बाबू ती ओढून नेऊन खोल समुद्रात सोडणार होता. त्या होडीवाचून मायलेकींना दुसरा आधार नव्हता.

मी तेव्हा तिथल्या शाळेत शिक्षिका होते. जानकीला अडवायला गेले, तर ती म्हणाली, "बाई, आधी कान लावा, मगे बोला."

बाबाने पिवळं निशाण उंच केलं. "हे महादू! जलतत्त्वात तुझा प्राण साखरेसारखा विरघळला आहे. आहेस ना इथे?"

"साखरेसारखो?" म्हातारी अक्का मागून म्हणाली, "मगे खाडी खारी कित्याक रे?"

लोक हसले. मी कान लावला. टक् टक् टक्... टक्. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? आवाज कुठूनच येत नव्हता, जणू माझ्याच डोक्यात होत होता. मान वर केली, तर नुसता वारा.

पण निशाण हलल्याशिवाय ठोका पडत नाही, हे दोनदा पाहिलं. मग मी माझी काळी छत्री निशाणासमोर, पाण्याच्या बाजूने उघडली.

"बाई, बाजूला व्हा!"

"ऊन लागतंय, महाराज. तुम्ही विचारा ना."

त्याने विचारलं. ओरडून विचारलं. वल्ह्याला कान लावलेली जानकी तशीच बसून होती. ठोका नाही.

"पाण्याखालच्या महादूक बाईंची छत्री आडवी येता काय रे?" अक्काने विचारलं.

आता कोणी हसलं नाही. तरीवरचा नावाडी शिवा उठला आणि समोरच्या काठाकडे वल्हवत गेला. तिथे तिवरांच्या आड लहान डोणीत बाबू ओणवा झाला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात, हातांत दोन दगड. महादूची खोड त्याच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? होडी समुद्रात सोडल्याचं सांगून, रंग बदलून ती त्यालाच हवी होती.

मी लोकांना समजावलं. आवाज पाण्यातून हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो, दूरवर पोचतो. पण पाण्यातून वर हवेत फारसा निघत नाही. म्हणून काठावर शांतता आणि वल्ह्यात ठोके. वल्ह्याला आपण एकच कान लावतो, आणि एका कानाला दिशा कळत नाही. बुडी मारली तरी आवाज दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पडतो. वल्हं आवाज सांगतं, तो कोणाचा ते सांगत नाही.

सगळ्यांना पटलं. जानकीने मात्र मुठीवरचा कान काढला नाही.

"बाई, होडी ऱ्हवली," ती म्हणाली. "पण वीस दिस तो होतो. आज तो परत बुडालो."

चमत्कार कानावर आला, तर हात जोडण्याआधी विचारा: आवाज कोण करतंय, आणि त्याला आपण कुठून दिसतोय? आणि आणखी एक. श्रावणानंतर जानकीच्या दारात आम्ही कोणी फिरकलो नव्हतो. बाबा फिरकला.

तो त्याच दिवशी पळाला. पुढच्या वर्षी कसालच्या बाजारात दुसऱ्या नावाने अंगारा देताना दिसला. बाबू रत्नागिरीकडे ट्रॉलरवर गेला, परतला नाही. अक्का नव्वद साली गेली. शिवाने अकरा वर्षं जानकीची होडी चालवली. नर्मदा परिचारिका झाली, कुडाळला असते.

जानकीकडे मी दर रविवारी जाऊन बसायचे. दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या वर्षी वैशाखात तिने फणस फोडला, गरे सोलून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "खावा, बाई." गेल्या वर्षी ती गेली. त्या दोन वर्षांबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.