बिजल्याच्या गळ्यातले चौदा खिळे

मित्रांनो, जवळ या, पण हात लावू नका. मी एक जुना काटेरी पट्टा आहे, मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यातला. माझ्या अंगावर चौदा खिळे आहेत आणि सगळ्यांची टोकं बाहेर आहेत. दिसायला मी देखणा नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. देखणे पट्टे शहरात सोफ्यावर लोळणाऱ्या कुत्र्यांसाठी असतात. माझं काम वेगळं आहे.

माझा जन्म येडशीजवळच्या एका खेड्यात, सिद्धाराम लोहाराच्या भात्यापुढं झाला. जुन्या चामड्याचे दोन पदर घेऊन त्यानं त्यातून खिळे आरपार ठोकले आणि एकेकाला कानशीनं घासून टोक काढलं. मला करवून घेणारा मेंढपाळ बब्रुवान काम होईपर्यंत तिथंच उकिडवा बसून होता. घरी नेल्यावर त्याच्या आईनं, म्हणजे प्रेमाबाईनं, मला उलटंपालटं करून पाहिलं, आतली बाजू बोटानं चाचपली आणि नाक मुरडलं. मग तिनं घोंगडीचा तुकडा कापून माझ्या आतून शिवला, कुत्र्याचा गळा सोलवटू नये म्हणून. बाहेरून लोखंड आणि आतून लोकर, असा मी तयार झालो.

लांडगा झडप घालतो ती गळ्यावर. एकदा गळा त्याच्या दातांत सापडला की कुत्र्याचं काही खरं नसतं. पण मी असलो की चावणाऱ्याचंच तोंड रक्तबंबाळ होतं. बारा वर्षांत बऱ्याच लांडग्यांना मी हा धडा शिकवला आहे. आधी मी बिजल्याच्या आईच्या गळ्यात होतो, ती थकल्यावर बिजल्याच्या गळ्यात आलो. बिजल्या म्हणजे आडदांड, तांबूस, एक कान फाटलेला कुत्रा. आमचं दोघांचं चांगलं जमतं.

गेल्या हिवाळ्यात रामलिंगच्या जंगलाकडून आलेल्या एका बिबट्यानं आमच्या कळपावर झेप घेतली. मेंढरं एका बाजूला, बिबट्या दुसऱ्या बाजूला आणि मधे बिजल्या. बिबट्यानं त्याचा गळा धरला आणि तोंडात निखारा पडल्यासारखा मागं सरला. बिजल्यानं त्याला ओढ्यापर्यंत पळवलं. शेजारच्या रानात तूर कापणाऱ्या कुलदीपनं हे सगळं मोबाइलमध्ये टिपलं आणि ते गावोगाव फिरलं. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी बहादुरी माझी होती. पण बिजल्या पुढं गेलाच नसता, तर मी एकटा काय करणार होतो?

पुढं जिल्ह्याच्या गावातल्या एका प्राणीमित्र मंडळानं शूर जनावरांचा सत्कार ठरवला. तिघांची निवड झाली. मालकाला चक्कर आल्यावर रिकाम्या रस्त्यानं गाडी सरळ घरी आणणारा एक बैल, गोठ्याला आग लागताच दावं तोडून घरच्यांना सावध करणारी एक म्हैस आणि आमचा बिजल्या. म्हैस काही मांडवात यायला तयार होईना. शेवटी पाहुण्यांनाच फाटकापाशी जावं लागलं.

बिजल्याची पाळी आली तेव्हा पाहुण्यांनी माझे खिळे पाहून हात मागं घेतला. फोटोतही हे बरं दिसणार नाही, असं कुणीतरी म्हणालं. बब्रुवाननं मला सोडवलं आणि पिशवीत टाकलं. बिजल्याच्या गळ्यात लाल मखमली फीत बांधली गेली आणि तिला एक चकचकीत पदक लटकलं. टाळ्या मी पिशवीतून ऐकल्या. वरून सत्काराचा नारळ माझ्या अंगावर येऊन पडला. त्याला माझे खिळे टोचले असतील, पण मला दया आली नाही.

घरी येताच प्रेमाबाई फीत सोडायला गेली. बब्रुवाननं तिला थांबवलं. त्यांच्या घरात रीत होती, की मिळालेलं बक्षीस आधी सोनारीच्या काळभैरवाला दाखवायचं, त्याआधी अंगावरून उतरवायचं नाही. कुत्रा तर देवाचंच वाहन. रविवारी सोनारीला जायचं त्यानं ठरवलं. तो दिवस होता बुधवार.

"आन् तवर रानात हा असाच हिंडंल व्हय?" प्रेमाबाईनं विचारलं.

"चारच दिवस हायेत, आई. खिळ्यानं मखमल फाटंल. देवापुढं फाटकं न्यायचं का?"

मी खुंटीला लटकलो. गुरुवारी गावातले लोक बिजल्याला बघायला आले. बब्रुवान प्रत्येकाला पदक हातात घेऊन दाखवत होता. त्याचा आनंद खोटा नव्हता. आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणी फेटा बांधला होता. मला मात्र खुंटीवर राग येत होता आणि त्याहून जास्त काळजी वाटत होती.

शुक्रवारी दुपारी प्रेमाबाईनं भाकरीच्या गठुड्यात गुपचूप मला घातलं आणि ती डोंगराकडेच्या रानात आली. बब्रुवान कळपाच्या पलीकडच्या टोकाला होता. तिनं बिजल्याला हाक मारली, तो शेपूट हलवत आला. ती फितीची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती. बोटांनी सुटेना, तेव्हा तिनं दात लावले. तेवढ्यात झुडपाच्या बाजूनं एक मेंढी ओरडली. बिजल्यानं मान हिसडली आणि तिकडं धाव घेतली. मी प्रेमाबाईच्या हातातच राहिलो.

एक लांडगा समोर उभा होता. बिजल्या त्याच्यावर गेला आणि दुसऱ्यानं झुडपातून येऊन त्याचा गळा धरला. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या क्षणी माझं काळीज फाटलं. माझी जागा तिथं होती आणि मी तिथं नव्हतो.

मग प्रेमाबाई पळाली. पासष्ट वर्षांची बाई, अनवाणी. तिनं मला बक्कलाकडून धरलं आणि लांडग्याच्या नाकाडावर हाणलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हाणल्यावर त्यानं गळा सोडला. बब्रुवान काठी घेऊन पोचला तोवर दोन्ही लांडगे पळाले होते. बिजल्या आडवा पडला होता आणि मखमल कोणती, रक्त कोणतं, ते कळत नव्हतं. बब्रुवाननं डोक्याचा पटका काढून जखमेवर दाबला.

जनावरांच्या डॉक्टर सोनालीताईंनी अकरा टाके घातले. दात अजून जरासा आत गेला असता तर वाचला नसता, असं त्या म्हणाल्या. प्रेमाबाईनं रक्तानं भिजलेली फीत मुलाच्या हातात ठेवली. ते त्याला फार लागलं. रविवारी तो सोनारीला गेला नाही. बिजल्याच्या शेजारी बसून त्याला पळीपळीनं पाणी पाजत राहिला.

जखम भरायला महिना गेला. बिजल्याचा आवाज आता घोगरा झाला आहे. बब्रुवाननं माझ्या आतली जुनी घोंगडी काढून नवी, दुपदरी शिवली, व्रण दुखू नये म्हणून. मग मला हातात घेऊन तो बिजल्यापुढं बसला. फेट्यातला त्याचा फोटो मागं भिंतीवर होता, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

"चुकलं रं माझं," तो म्हणाला. "तुझं नाव झालं आन् तुझ्याकडं बघायचंच ऱ्हायलं."

बिजल्याला पदकातलं काही कळत नव्हतं आणि माफीतलंही नाही. त्यानं मला ओळखलं, उठून उभा राहिला आणि आपण होऊन गळा पुढं केला.

मित्रांनो, शूर जनावरांचा सत्कार जरूर करा, टाळ्याही वाजवा. त्यांनी ते कमावलेलं असतं. पण मांडवातून उतरल्यावर तो बैल पुन्हा जुवाखाली जातो, तो कुत्रा पुन्हा रानात जातो. तेव्हा त्याच्याबरोबर काय पाठवलंय, ते नीट बघा. आता सरा बाजूला. मेंढरं निघाली आहेत आणि बिजल्या माझ्याशिवाय जात नाही.