छत्रीवाल्याचा संपूर्ण खुलासा

छत्रीवाला गेल्याचं केडगावात कळलं, त्या दिवशी मच्छिंद्रने सकाळी वाचनालय उघडलंच नाही. दाराला कुलूप तसंच ठेवून तो पायरीवर बसला होता. बाहत्तर सालचा ऑगस्ट चालू होता, पावसाचा पत्ता नव्हता आणि दहाचं ऊन थेट त्याच्या डोक्यावर होतं. एस.टी.च्या वर्कशॉपात टायर बघणाऱ्या सहादेवची त्या दिवशी सुट्टी होती. पुस्तक बदलायला म्हणून तो आला आणि थबकला.

"काय रं मच्छू, कुणी गेलं का?"

"गेला, दादा. छत्रीवाला."

"मारला व्हय त्याला?"

"मारला असता तरी चाललं असतं. त्याला पित्त हाय."

सहादेव त्याच्या शेजारी बसला.

छत्रीवाला हा पुस्तकातला माणूस. चौदा वर्षांत त्याची सदतीस पुस्तकं आली होती, खिशात मावतील अशी. खून व्हायचे, तिजोऱ्या फुटायच्या, पोलीस हात टेकायचे, आणि शेवटच्या प्रकरणात भर उन्हात काळी छत्री घेऊन एक माणूस यायचा. टेबलावर एक किल्ली ठेवायचा आणि मान खाली घालून, चकार शब्द न बोलता निघून जायचा. त्या किल्लीने बरोबर हवं तेच कुलूप उघडायचं. तो कोण, कुठला, एवढ्या किल्ल्या आणतो कुठून, हे लेखकाने कधीच लिहिलं नव्हतं.

केडगावाने या एका गोष्टीवर चौदा वर्षं काढली. प्राथमिक शाळेतले राधाकृष्ण गुरुजी म्हणायचे, तो नोकरी सोडलेला न्यायाधीश आहे. केस कापणाऱ्याचं म्हणणं होतं, फाशी गेलेल्या माणसाचा तो जुळा भाऊ. यावरून एकाची अर्धी दाढी तशीच राहिल्याचं लोक सांगत. सहादेवच्या शेजारची छबूबाई म्हणायची, "त्यो मेल्याला हाय. सावली पडत न्हाई, म्हणून छत्री."

सहादेवची बायको राहीबाई दर पुस्तकाला नवं काहीतरी सांगायची. तिला वाचता येत नव्हतं. ती विड्या वळायची. मांडीवर सूप, शेजारी छबूबाई, आणि समोर सहादेव मोठ्याने वाचतोय, असा त्यांचा रोजचा कार्यक्रम. पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा बांधणं हे सगळं तिचे हात न बघता करायचे. पोलीस आले तरी हात चालू, खून पडला तरी चालू. छत्रीवाला आला की मात्र हात थांबायचा. "अवो, जरा दम धरा," म्हणून ती गप्प बसायची. मग म्हणायची, "घरी कुणीतरी वाट बघत असंल त्याची. म्हणून थांबत न्हाई त्यो."

मागच्या डिसेंबरात तीन दिवसांच्या तापात ती गेली. दहाव्याला सीना नदीच्या काठी पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असं होतं, म्हणून नातेवाईक एकेक कबूल करायला लागले. लेकीचं बाळंतपण नीट करू. तुझी शेळी विकणार न्हाई. तुझ्या आईला सांभाळू. कावळे बाभळीवर बसून ऐकत राहिले. ऊन चढलं, सोयऱ्यांना भुका लागल्या. शेवटी सहादेव पुढे झाला आणि म्हणाला, "राही, छत्रीवाला कोण हे कळलं, की इथं येऊन तुला सांगीन."

कावळा लगेच खाली आला.

"घ्या," त्याची मेहुणी भीमाबाई म्हणाली. "आम्ही मेलं सारं घरदार कबूल केलं, आन् आमच्या बाईचा जीव छत्रीत अडकल्याला."

सहादेव दिल्या शब्दाचा माणूस होता. तेराव्यानंतर तो गुरुजींकडे गेला आणि म्हणाला, लेखकाला पत्र लिहून द्या. गुरुजींना तेवढंच निमित्त हवं होतं. तीस वर्षं त्यांनी पोरांकडून गाळलेल्या जागा भरून घेतल्या होत्या. आता खुद्द लेखक हाती लागला. त्यांनी सत्तावीस प्रश्न काढले, अनुक्रमांक घातले. छत्री कोणत्या साली घेतली? किल्ल्या पितळी की लोखंडी? चालताना मान खाली का? खाली एक्केचाळीस वाचकांच्या सह्या झाल्या. पहिली सही सहादेवची.

आता अडतिसावं पुस्तक आलं होतं आणि त्यात सत्तावीसच्या सत्तावीस उत्तरं होती, ओळीने. प्रस्तावनेत 'केडगावच्या चोखंदळ वाचकां'चे आभार होते.

मच्छिंद्रने कुलूप काढून पुस्तक सहादेवच्या हातात दिलं. त्याने ते घरी नेऊन बसल्या बैठकीला वाचलं. सुरुवातीला वंशावळ होती, सहा पिढ्यांची. मग जन्मपत्रिका, मग शाळा सोडल्याचा दाखला. एक अख्खं प्रकरण डॉक्टरांचं होतं: उन्हात अंगावर पित्त उठतं, म्हणून छत्री. तळपाय सपाट असल्याने ठेच लागते, म्हणून मान खाली. मामाचं कुलपांचं दुकान, म्हणून किल्ल्या. आणि एकशे ऐंशीव्या पानावर त्याच्या घाईचं कारण होतं. तो एकटाच होता. घरी कुणी नव्हतं. खाणावळ दुपारी दोनला बंद व्हायची, म्हणून तो थांबत नसे.

ते पान सहादेवने दोनदा वाचलं.

संध्याकाळी छबूबाई ओट्यावर विड्या वळत बसली होती. तो जाऊन म्हणाला, "वहिनी, छत्रीवाल्याचं कळलं."

"सांगा की भाऊजी."

त्याने पित्ताचं सांगितलं. छबूबाईचा हात चालूच राहिला. एक विडी झाली, दुसरी झाली.

"मग आमसुलाचं पानी चोळायचं की अंगाला," ती म्हणाली. "त्याला सदतीस पुस्तकं कशाला लागत्यात?"

सहादेवने पुढचं काही सांगितलं नाही.

रविवारी वाचनालयात सभा भरली. शोकसभाच होती, पण हार कशाला घालायचा हे ठरेना. मच्छिंद्रने पुस्तक टेबलावर उभं केलं होतं.

"गुरुजी, तुमी इचारलं म्हणून त्यानं सांगितलं," तो म्हणाला. "छत्री कुठल्या सालची, ह्ये कुणाला पायजे हुतं?"

"एक्केचाळीस सह्या होत्या," गुरुजी म्हणाले.

"आमी छत्रीवाला कोन एवढंच इचारलं हुतं. त्याच्या मामाचं दुकान न्हाई इचारलं."

"सव्विसावा प्रश्न तुझाच होता, मच्छिंद्र."

मच्छिंद्र टेबलावरचं पुस्तक सरळ करायला लागला. मागून केस कापणारा म्हणाला, जुळा भाऊ वंशावळीत कुठं दिसला नाही, लेखकाकडून राहून गेला असेल. सगळ्यांनी मान डोलावली. मग गुरुजींनी घरूनच लिहून आणलेलं दुसरं पत्र वाचून दाखवलं. सदर खुलासा लेखकाने बिनशर्त मागे घ्यावा आणि छत्रीवाल्याला पूर्वीसारखं अज्ञात करावं, अशी मागणी होती. कारणं एकोणीस, अनुक्रमांकासह. ठराव एकमताने पास झाला. सह्यांचा कागद सहादेवपुढे आला.

"पहिली तुमची घ्यायची आहे," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, मी राहीला काय सांगू?"

दहाव्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

"सांगा, अजून कळलं नाही म्हणून," गुरुजी हळू आवाजात म्हणाले.

"पिंडापुढं शब्द दिलाय. खोटं कसं बोलू?"

"मग खरं सांगा."

"खरं सांगाया जीभ रेटत न्हाई."

तो सही न करता उठला आणि चालत सीनेवर गेला. नदीत पाणी नव्हतं, नुसते गोटे होते. दहाव्याच्या जागेवर तो उकिडवा बसला. पलीकडे दोन-तीन कावळे वाळूत काहीतरी टोचत होते. त्यांच्याकडे न बघता तो म्हणाला, "राही, त्यो..." आणि थांबला. छत्रीचं सांगता आलं असतं. पायाचं, मामाचंही सांगता आलं असतं. ती हसली असती. पण मग तिने विचारलं असतं, "आन् घरी कोन हाय त्याच्या?"

थोडा वेळ बसून तो परत आला. चुलीवर स्वतःपुरता भात टाकला.

पत्र दुसऱ्या दिवशी चाळीस सह्यांनी गेलं. लेखकाचं उत्तर अजून आलेलं नाही. सहादेव त्यानंतर दोनदा सीनेवर जाऊन आला. राहीबाईला सांगायचं राहिलेलं आहे.