नाझिहानं तोडलेलं कुलूप

रौदा शिवणयंत्रावर कोसळली, तेव्हा आमच्या हॉलमध्ये भट्टीसारखी धग होती. आम्ही परदेशी दुकानांसाठी पांढरे शर्ट शिवायचो. कापडावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद, कुणी शर्ट लांबवू नये म्हणून मागच्या दाराला कुलूप. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण त्याचा वारा आमच्या वाट्याला नाही.

रौदा पोटुशी होती. "किल्ली द्या!" आम्ही ओरडलो.

"मालकांच्या कपाटात आहे. ते नाहीत," मॅनेजर लसाद म्हणाले. "पुढच्या दारानं न्या."

पुढचं दार पार दुसऱ्या टोकाला, आणि वाटेत कापडाच्या गठ्ठ्यांचे डोंगर. नाझिहा मावशी, आमच्यातली सर्वांत थोरली, पुढे झाली. तिनं जड इस्त्री उचलली आणि कुलपावर हाणली. कुलूप निखळलं. रौदाला आम्ही उचलून बाहेर वाऱ्यात नेलं.

रौदा वाचली. पोटातलं मूल मात्र गेलं.

त्याच आठवड्यात नाझिहाला काढून टाकलं. कारण काय, तर कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान. रौदाबद्दल चकार शब्द नाही.

आम्ही सगळ्या काम टाकून फाटकाबाहेर बसलो. नाझिहाला परत घ्या आणि दार उघडं ठेवा, एवढंच मागणं. आतून कुणी हो म्हणेना, नाही म्हणेना. मला तर शिवीसुद्धा चालली असती. शिवी द्यायला माणसाकडे बघावं तरी लागतं.

मग कळलं, परदेशातून कंपनीचा मोठा माणूस येतोय. नाझिहा म्हणाली, "मासळी घालून कुसकुस करू या."

दलीला भडकली. "त्याला जेवू घालायचं? वेड लागलंय का, मावशी?"

"दारी आलेला माणूस उपाशी जाऊ नये. आणि भांडायचं तर भरल्या पोटी भांडावं. तुझा आवाज तर न्याहारी झाल्याशिवाय फुटतच नाही!"

हसत हसत आम्ही फाटकाशीच चूल मांडली.

साहेब आला तो काचा वर केलेल्या गाडीतून. सरळ आत गेला. मागच्या दाराचे फोटो काढले, बिजागऱ्या हलवून पाहिल्या. बाहेर आला तेव्हा दलीलानं ताट पुढे केलं. तो कसनुसा हसला आणि फोनकडे बघत राहिला.

तेवढ्यात रौदा गाडीच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. चेहरा अजून पांढराफटक होता तिचा.

"दार बघितलंत ना?" ती म्हणाली. "आता मलाही बघा."

साहेबानं लसादना फ्रेंचमध्ये विचारलं, "हिची गैरहजेरी मांडली आहे ना?"

त्याला वाटलं, आम्हाला कळणार नाही. आम्हा सगळ्यांना कळलं. लसादनी मान खाली घातली. "ती आजारी होती," एवढंच पुटपुटले. साहेब "बरं" म्हणाला आणि गाडीत बसला.

रौदा रडली नाही. नाझिहानं तिला जवळ ओढलं, शेजारी बसवलं आणि ते ताट तिच्यापुढे ठेवलं. "खा, पोरी. तुझ्याचसाठी केलंय, असं समज."

काही दिवसांनी लसाद फाटकाशी निरोप घेऊन आले. मागच्या दाराला पुन्हा कुलूप लागणार नाही. सगळ्यांनी कामावर यावं. नाझिहा सोडून.

"मग आम्हीही नाही!" दलीला म्हणाली.

माझ्याकडे बोट दाखवत नाझिहानं तिला दटावलं. "गप. तुझा नवरा घरी बसलाय, हिची आई अंथरुणावर आहे. दार उघडलं ना? मग जा आत."

"आणि तू?"

"माझे हात काय कंपनीनं शिवून दिलेत?"

आम्ही आत गेलो. मीही गेले. यंत्रावर बसले, तर दोरा सुईत जाईना, डोळ्यांपुढे नुसतं पाणी. मागच्या दारातून गार वारा येत होता आणि तो अंगावर घ्यायची मला लाज वाटत होती.

रौदा मात्र त्या फाटकातून पुन्हा आत गेली नाही. हिवाळ्यात ती नाझिहाबरोबर ऑलिव्ह काढायला जाऊ लागली. एका रविवारी मी रानात गेले. नाझिहा शिडीवर होती, रौदा खाली फळं झेलायला जाळी पसरत होती, आणि कशावरून तरी दोघींचं जोरजोरात भांडण चाललं होतं.

मला बघून नाझिहा वरूनच ओरडली, "पाहुणी होऊन बघत काय बसलीस? धर ते टोक!"

मी जाळीचं टोक धरलं.