कशाचा अर्धा?

शिगेनोबाईंना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी शाळेत खुला पाठ असला की त्यांना बोलावणं यायचंच. एकाने शिकवायचं, बाकीच्या शिक्षकांनी भिंतीशी उभं राहून बघायचं, आणि मुलं घरी गेली की त्या पाठाची चिरफाड. सदतीस वर्षं बाईंनी हेच केलं. त्यांच्या फळ्याचं जिल्ह्यात नाव होतं. तास संपेपर्यंत एक अक्षर पुसायचं नाही, आणि शेवटी निष्कर्षाची चौकट बरोब्बर उजव्या कोपऱ्यात.

त्या दिवशी तिसरीच्या वर्गावर उमेझुबाई होत्या. नोकरीचं दुसरंच वर्ष.

"अर्धा मोठा की तिसरा हिस्सा?" त्यांनी विचारलं.

"पण कशाचा अर्धा?" साया नावाची मुलगी म्हणाली. "आमच्या आजीकडचा भोपळा एवढा थोरला असतो, त्याचा तिसरा हिस्सासुद्धा बाजारातल्या अर्ध्याहून जास्त भरेल."

वर्ग खदखदून हसला. उमेझुबाई थबकल्या. मग त्यांनी चक्क अर्धा फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सायाचा प्रश्न'. घंटा झाली तरी मुलं भोपळ्यांवरून भांडतच होती, आणि चौकट कोरी.

फार वर्षांपूर्वी, अशाच खुल्या पाठात, किरिको नावाच्या मुलीने शिगेनोबाईंना हेच विचारलं होतं. 'कशाचा?' फळ्यावर तिच्यासाठी जागा नव्हती. "ते नंतर बघू हं," बाई म्हणाल्या. ते नंतर काही आलं नाही. किरिकोने वर्षभर पुन्हा हात वर केला नाही. फळ्याचा फोटो मात्र जिल्ह्याच्या पुस्तिकेत छापून आला.

चर्चेला तानाबेसरांनीच तोंड फोडलं. "उमेझुबाई, भोपळा झकास शिजला हो, पण जेवण राहिलं की!"

सगळे हसले. उमेझुबाईंचे कान लाल झाले.

"शिगेनोबाई, शेवटचा शब्द तुमचा," हेडसर म्हणाले.

आपण आता जे बोलू ते ही पोरगी जन्मभर धरून चालेल, हे बाईंना कळत होतं. किरिकोचं नाव ओठांवर आलंही. पण सगळे पेन सरसावून बसले होते, आणि तोंडातून निघालं ते सवयीचंच वाक्य. "वेळेचं भान हवं. अनपेक्षित प्रश्न आला, तर तो नंतर घ्यावा."

उमेझुबाईंनी मान खाली घालून ते लिहून घेतलं.

दारात बूट घालताना बाईंनी त्यांना गाठलं. "मघाशी मी चुकीचं बोलले. तुमचंच बरोबर होतं. मला कधी जमलं नाही ते."

उमेझुबाई अदबीने हसल्या. मोठ्यांनी स्वतःला कमी लेखावं आणि लहानांनी ते खरं मानू नये, ही रीतच.

"बाई, किती विनय तुमचा! उद्या दुसऱ्या तुकडीवर हाच पाठ आहे. आता असल्या प्रश्नापाशी नाही थांबणार."

"अहो, ऐका तरी..."

"काळजीच करू नका. फळा अगदी तुमच्यासारखा करते."

आणि त्या कमरेतून खोल वाकल्या. शिगेनोबाईंनाही मग वाकावंच लागलं.