खणातली गोरीबाई

भाचीचा अर्ज परत आला तो फोटोमुळे, आणि फोटो काढला होता खुद्द मावशीनं. मोठ्या इस्पितळातली नर्सची जागा होती. संध्याकाळी पाचला मुदत संपणार, आणि साइट म्हणत होती, फोटोतला चेहरा कॅमेऱ्यासमोरच्या चेहऱ्याशी जुळत नाही.

"जुळेल कसा?" भाची स्टुडिओतल्या स्टुलावर बसली. "ही माझी कोणीतरी आजारी बहीण दिसतेय."

"आजारी कशानं? चांगली उजळ दिसतेयस!"

वीस वर्षं मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन छटा उजळ करून देत आली होती. न मागता. शिंकताना डोळे मिटावेत तसं बोट आपसूक रंग उजळायच्या बटणावर जायचं.

"मी पाठवलेले धडे बघितलेस का?"

बघितले होते. वंशभेदाच्या इतिहासाचे, ऑनलाइन, फुकट. पहिले तीन धडे मावशीनं चहा पीत, "काय एकेक माणसं!" करत बघितले. आपला काय संबंध, अशा थाटात. चौथा धडा निघाला फोटोंचा. पडद्यावर एक जुनं कार्ड आलं, त्यावर नटूनथटून बसलेली गोरी बाई. फोटो छापायची यंत्रं म्हणे हिच्या कातडीवर बेतून लावत. सावळ्या चेहऱ्यांचं काय होतं, याची फारशी कोणाला पडलेली नव्हती.

मावशीचा कप हातातच राहिला. तसलंच कार्ड तिच्या खणात होतं. काम शिकवणाऱ्या गुरुजींनी दिलेलं. "हिचा रंग जमला की सगळ्यांचा जमला," असं सांगून.

"बघितले," मावशी पुटपुटली. "चौथा दोनदा."

"मग?"

"मग काय, हनुवटी वर कर. साडेचार झालेत."

तिनं दिवा जवळ ओढला. थर्मोकोलचा पांढरा तुकडा भाचीच्या हातात देऊन छातीशी धरायला लावला, म्हणजे खालून उजेड पडेल. चार फोटो वाया गेले. पाचव्यात भाचीचा तुकतुकीत सावळा गाल जसाच्या तसा उतरला. मावशी संगणकाशी बसली आणि बोट निघालंच.

"मावशी, बोट!"

मावशीनं उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हातानं फोटो पाठवला. पडद्यावरचं चाक गरगरत राहिलं. पाचला सात मिनिटं कमी असताना हिरवी खूण आली.

"हुश्श!" भाची उठली. दाराशी थबकून तिनं शोकेसकडे बोट केलं. "तो माझा आठव्या वर्षीचा फोटो. ही कोण, असं तुला विचारलं होतं मी. तू म्हणालीस, तूच आहेस, फक्त छान."

मावशीला काही आठवेना. पण म्हणालीच असणार. सगळ्यांना तेच तर म्हणायची.

ती स्टुलावर चढली आणि फ्रेम उतरवू लागली. "निगेटिव्ह आहे माझ्याकडे. नव्यानं छापते."

"आधी खाली उतर, बाई. पडशील."

"पडले तर तू आहेस की," मावशी म्हणाली. "मोठ्या इस्पितळातली."