नऊ इंचांचे बंद

पिन कोमट होती.

*

छातीच्या एक्स-रेत पाच गोल ठिपके. एका ओळीत, सारख्या अंतरावर.

*

बाकावर नाव कोरता येतं. बंदावर कुठे कोरणार? हे माझ्या वन्संचं म्हणणं.

*

माप घेताना गिऱ्हाइकाला बसायला सांगावं. उभा माणूस पोट आत घेतो.

*

खाटेपासून खिडकीपर्यंत बेचाळीस पावलं.

*

"आई, तुला राग कशाचा येतो?" लेकीने विचारलं. तिच्या मांडीवर लॅपटॉप होता, माझ्या मांडीवर कुणाच्या तरी नवऱ्याची पँट.

*

आता नीट सांगते.

जिन्याखाली माझं दुकान आहे. लांबीला एक मशीन मावतं, रुंदीला मी. नवीन कपडे मी शिवत नाही. लोकांचे सैल करते, घट्ट करते, आखूड करते, उसवलेलं जोडते. लग्नात बसलेले आणि लग्नानंतर न बसणारे सगळे कपडे शेवटी माझ्याकडेच येतात.

गेल्या वर्षी पित्ताशयातले खडे काढायला मी मोठ्या दवाखान्यात होते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने सांगितलं, उठा, वरांड्यातून खिडकीपर्यंत जाऊन या, चालाल तितक्या लवकर घरी जाल. मी उठून बसले आणि पाठीला वारा लागला. दवाखान्याचा गाउन मागून उघडा असतो. मानेपाशी बंदांची एक जोडी, कमरेपाशी एक, ते बांधायचे की झालं. माझ्या गाउनला चारपैकी एकही बंद नव्हता. जिथे असायला हवेत तिथे दोऱ्यांचे शेंडे.

एका हातात सलाइनचा स्टँड. दुसरा हात पोटावरच्या टाक्यांवर. पाठ धरायला तिसरा हात आणायचा कुठून? बाहेर वरांड्यात भेटायला आलेल्यांची रांग. तीस वर्षं लोकांच्या पाठीची मापं घेतली आणि माझीच उघडी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी चक्कर येते म्हणून सांगितलं. तासाभराने नर्स परत आली, परत चक्कर. डॉक्टर आले, कागदावर काहीतरी लिहून गेले, त्यांचा चेहरा काही बरा नव्हता.

शेजारच्या खाटेवर एक मावशी होत्या. एका शाळेत शिपाई. घंटा वाजवून वाजवून उजवा खांदा कामातून गेलाय आणि डॉक्टर बघतात ते पोट, अशी त्यांची तक्रार होती. आदल्या दिवसापासून त्या खिडकीपर्यंत चकरा मारत होत्या, वाटेत सगळ्या खाटांची चौकशी करत.

"तुला चक्कर येत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "लाज वाटतेय. चक्करेला गोळी असते, लाजेला पिन. पाठ कर इकडे."

मी पाठ केली. मागे जरा वेळ खुडबुड झाली, मग त्यांनी गाउनच्या दोन्ही कडा ओढून कमरेपाशी सेफ्टीपिन लावली.

"आता चाल. डॉक्टर रागावतात ते मरणाला, तुला नाही."

बेचाळीस पावलं गेले. खिडकीतून एक पाण्याची टाकी दिसत होती आणि तिच्या सावलीत डबा खात बसलेला माणूस. मी त्याच्याकडे असं बघितलं जसं काही त्यानेच मला बरं केलं. परत आल्यावर पिन देऊ लागले तर मावशी म्हणाल्या, राहू दे, मला कुठे जायचंय. त्या दिवशी त्या उताण्या पडून होत्या. आज कंटाळा आलाय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मला तपासणीला खाली नेलं तेवढ्यात त्या घरी गेल्या. पत्ता नाही, फोन नाही. पिन माझ्याकडे राहिली.

*

ऑपरेशनसाठी जमवलेल्यातून थोडे पैसे उरले. आमचे हे वीज कंपनीत मीटर वाचायचे, आकड्यांच्या बाबतीत माणूस सरळ. म्हणाले, उरले ते आपले नाहीत, देऊन टाकू. कुणाला, ते तू ठरव.

वन्संनी ऐकल्या ऐकल्या ठरवूनही टाकलं. दवाखान्याच्या बागेत दगडी बाक, त्यावर आमच्या दोघांची नावं. लेकीने दोन दिवस खपून बावीस संस्थांची यादी केली, प्रत्येकीपुढे दहापैकी गुण. शाळेत प्रगतिपुस्तक लपवणारी मुलगी आता जगाला गुण देत होती.

तोवर मी काय काय दिलं होतं ते आठवून बघितलं. झाडांसाठी दिलं, कारण शेजारीण पावतीपुस्तक घेऊन दारात उभी होती. कुत्र्यांसाठी दिलं, कारण फोटोतलं कुत्रं माझ्याकडेच बघत होतं. एकदा तर कशासाठी दिलं तेही आठवेना. दिल्याचं वाईट वाटलं नाही, पण ते सगळं दुसऱ्यांच्या मापाचं होतं.

लेक यादी वाचून दाखवत होती आणि मी प्रत्येकीला चांगलं आहे, चांगलं आहे म्हणत होते. शेवटी ती कंटाळली. वाईट तर तुला सगळ्याचंच वाटतं, म्हणाली, त्याने काही ठरायचं नाही. मग तिने तो प्रश्न विचारला. राग कशाचा येतो?

पँटीतली सुई तशीच राहिली.

"माणसाला उघड्या पाठीने चालायला लावतात, त्याचा."

तिने यादी खालीवर केली. बावीसमध्ये हे कुठेच नव्हतं.

"मग तेविसावं," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

*

मी त्याच दवाखान्यात जाऊन विचारलं, तेव्हा तिथल्या मेट्रनबाईंनी बंद नसलेले साठ गाउन नीट करायला दिले. महिनाभर बघू, म्हणाल्या. नाही जमलं तर हा विषय बंद, कारण दर महिन्याला कुणीतरी उत्साहाने काहीतरी घेऊन येतं आणि ते ठेवायला त्यांच्याकडे कपाट नाही.

बंद तुटतात ना, मग बंदच नकोत, असा मी विचार केला. उरलेल्या पैशांतून टिचबटणं आणून लावली. लोखंडी, चांगल्यातली, गाउनला सहा, मानेपासून खाली ओळीने. साठ गाउन, तीनशे साठ बटणं. ह्यांनी मोजून डबीत भरून दिली. इतकं देखणं काम मी वर्षात केलं नव्हतं. गाउन परत देताना माझी मान जरा जास्तच ताठ होती, हे कबूल करते.

नवव्या दिवशी बोलावणं आलं. मेट्रनबाईंकडे तीन गोष्टी होत्या, दोन टेबलावर.

एक, एक्स-रे काढणाऱ्याची चिठ्ठी:

"छातीत पाच ठिपके. सहावा पोटात असावा. रुग्णाने बटणं गिळलेली नाहीत, विचारून खात्री केली. कृपया शिंप्याला आवरा."

दोन, इस्त्रीच्या रुळावरच्या कापडाचा फाटका तुकडा. गरम रुळाखालून जाताना बटणं चेपली होती, एक अडकलं आणि कापड हातभर फाडून गेलं.

तिसरी गोष्ट टेबलावर नव्हती, ती त्यांनी सांगितली. एक आजोबा. कूस बदलता येत नाही. रात्रभर पाठीखाली बटणं, सकाळी मणक्यावर सहा लाल वर्तुळं.

मेट्रनबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुमची भावना समजते हो. पण इथे भावना धुवून वाळवून परत वापरता यायला लागते." मग गाउन होते तसे करून द्या, म्हणाल्या. विषय बंद.

मी घरी आले. ह्यांनी चहा करून पुढे ठेवला. ते आजोबा मला दिसत होते. ज्या खाटांनी मला उठवलं त्यातल्याच एका खाटेवरच्या माणसाला मी टोचून आले होते. आता तिथे परत पाऊल टाकता आलं नाही, तर मावशींच्या पिनेचं मी काय करणार होते?

"पँट घेऊन कुणी आलं की तू पहिलं काय सांगतेस?" ह्यांनी विचारलं.

"बसा म्हणते."

"मग इथे कुणाला बसवलंस?"

कुणालाच नाही. मी मापच घेतलं नव्हतं. मी शिवलं होतं ते चालणाऱ्या बाईसाठी, म्हणजे माझ्यासाठी. दवाखान्यात माणसं आडवी असतात.

*

तीनशे साठ बटणं उसवायला आम्हाला तीन दिवस लागले. लेक मदतीला बसली, हातांपेक्षा तोंड जास्त चालवत. गाउन घेऊन मी गेले ते मेट्रनबाईंकडे एकच मागणं घेऊन. एक दिवस मला धुलाईत बसू द्या. शिवणार नाही, नुसती बघेन. त्यांनी घड्याळ बघितलं, मला बघितलं आणि तळघराकडे बोट केलं.

तिथले मुकादम साठीचे, गळ्यात दोरीने कात्री अडकवलेले. "या बटणवाल्या बाई," म्हणाले. दिवसभर त्यांनी मला याच नावाने हाक मारली.

मोठ्या ड्रममधून गाउन निघाले ते एकमेकांत विणलेले. लांब, बारीक बंद ओले होऊन एकमेकांभोवती फिरले होते, साठ गाउनांची मिळून एक जाडजूड वेणी. मुकादमांनी वेणी टेबलावर आपटली, गळ्यातली कात्री धरली आणि कच, कच, कच. गाठी पडल्या खाली, गाउन सुटे.

म्हणजे बंद तुटत नव्हतेच. कापले जात होते.

क्षणभर माझं डोकं तापलं. हाच तो माणूस. ते ओळखून म्हणाले, चारशे चादरी चार वाजेपर्यंत वर गेल्या पाहिजेत, तुम्ही सोडवा बघू एक गाठ. मी बसले. तीस वर्षं दोऱ्यात घालवलेली माझी बोटं. ओल्या कापडाची एक गाठ सोडवायला मला चार मिनिटं लागली. तोवर माझा राग वाळून गेला होता.

संध्याकाळपर्यंत मी दोन गोष्टी शिकले. बारीक आणि लांब असतं ते गुंततं, रुंद आणि आखूड असतं ते गुंतत नाही. आणि पाठीच्या मध्यावर काहीही नको, गाठसुद्धा नको.

गाउनची एक कड दुसरीवर चढवून कुशीला बांधायची, म्हणजे पाठ झाकली जाईल आणि ज्याची त्याला गाठ बांधता येईल. बंद जाड सुती पट्टीचे, दीड इंच रुंद. लांबीसाठी हे पलंगावर गाउन घालून आडवे झाले आणि मी सात इंचांपासून सुरुवात केली. नेमक्या त्याच वेळी वन्सं आल्या. भाऊ दवाखान्याच्या गाउनमध्ये डोळे मिटून पडलेला बघून त्यांनी दाराची चौकट धरली. त्यांना पाणी दिलं, सगळं सांगितलं. त्या खुर्चीवर बसून बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता बाकाचं निघणार.

"त्याचा हात पोचत नाहीये," त्या म्हणाल्या. "दोन इंच वाढव."

म्हणून नऊ.

*

मुकादमांनी नव्या बंदांचे वीस गाउन दहा वेळा धुतले. अकराव्या दिवशी मी तळघरात उतरले तेव्हा ते वीसच्या वीस घड्या घालून ठेवलेले होते, ऐंशी बंद जागच्या जागी. मुकादमांनी गळ्यातली कात्री काढून माझ्या हातात दिली. धार लावून आणा, म्हणाले, आता पट्ट्या कापायला तुम्हालाच लागेल.

मेट्रनबाईंनी पुढच्या बुधवारी चाळीस न्या म्हणून सांगितलं. कपाटात जागा झाली होती.

एक्स-रेवाल्याचीही चिठ्ठी आली. दोनच शब्द. "छाती स्वच्छ." ती आणि पहिली, दोन्ही दुकानात मशीनच्या वर लावल्यात. पहिलीचे माझ्यावर जास्त उपकार आहेत. तोंडावर खरं सांगणारा माणूस फुकट मिळत नाही, मला तो चिठ्ठीसकट मिळाला. मुकादमांनी तळघर दाखवलं, लेकीने राग विचारला, ह्यांनी बसायला लावलं, वन्संनी दोन इंच दिले. मी द्यायला निघाले होते, आणि हिशेब बघावा तर सगळीकडून घेतच आले आहे.

दर बुधवारी दुपारी दुकान बंद असतं. हे पट्ट्या कापतात, नऊ म्हणजे नऊ, मीटर वाचावा तसे. वन्सं शिवत नाहीत, पण चुका काढायला नेमाने येतात.

मागच्या बुधवारी गाउनांचा गठ्ठा घेऊन मी वरांड्यातून जात होते. समोरून एक बाई येत होती, एका हातात स्टँड, दुसरा टाक्यांवर, कुशीला गाठ. मी तिच्याकडे बघत उभीच राहिले.

"बाजूला व्हा ना हो जरा," ती म्हणाली. "मला खिडकीपर्यंत जायचंय."

मी बाजूला झाले. पावलं मोजली. तिला अडतीस लागली, पायांनी लांब होती.

मशीनशेजारच्या पिनांच्या उशीत ती सेफ्टीपिन आहे. ती मी कशाला लावत नाही.

*

मावशींनी ती पिन स्वतःच्या गाउनची काढून दिली होती.